उन्हाळ्यातला मेकअप आमच्या उन्हात तपासून छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मार्च लागला की तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या मेकअपवर पान येतं. मी ते दरवर्षी वाचते, कापून पण ठेवते, कारण मला त्याची गरज आहे. महाद्वार रोडला साडीच्या दुकानात मी काउंटरला असते, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. साडी खांद्यावर टाकून दाखवली की गिऱ्हाईक आधी काठ बघतं, मग आपल्या तोंडाकडे बघतं आणि मग ठरवतं की हा रंग खुलतोय का नाही, त्यामुळं चेहरा ताजा ठेवणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. मालक तसं सांगतात आणि मला ते पटतं.

पण तुमच्या पानाची सुरुवातच प्रायमरपासून होते, मग फाउंडेशन, कन्सीलर, सेटिंग स्प्रे. एवढं सगळं घ्यायचं तर दोन-अडीच हजार कुठं गेले कळत नाही, आणि ते लावून तोंडाला स्कार्फ बांधायचा, वर हेल्मेट, कळंब्याहून गाडीवरनं यायचं, बिंदू चौकात पार्किंग शोधत दोन चकरा मारायच्या आणि दुकानात पोचल्यावर स्कार्फ सोडला की निम्मं फाउंडेशन स्कार्फच्या आतल्या बाजूला. हे ज्यानं लिहिलं त्यानं एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता कोल्हापुरात उभं राहून तपासलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे आणि तो मी मनापासून विचारतेय.

म्हणून यंदा आम्ही दुकानातल्या पाचजणींनी स्वतःच तपासायचं ठरवलं. मार्चपासून मे संपेपर्यंत. एक वही केली. नियम असा की वस्तू तीनशेच्या आत पाहिजे (सनस्क्रीनला तेवढी सूट, चारशेपर्यंत), एका वेळी एकच नवीन वस्तू वापरायची, आणि जमेल तिथं अर्ध्या चेहऱ्याला एक आणि अर्ध्याला दुसरी, कारण वेगवेगळ्या दिवशी लावलं तर ऊन वेगळं, घाम वेगळा, मग तुलना कशी करणार. सकाळी लावल्यावर, जेवायच्या आधी, चार वाजता चहाला आणि दुकान बंद करताना, असं चार वेळा बघायचं आणि गालाला पांढरा रुमाल नुसता दाबायचा, पुसायचं नाही, रुमालावर किती आलं ते लिहायचं. आमच्यात एकीची त्वचा खूप तेलकट, एकीची कोरडी, दोघी सावळ्या, मी गव्हाळ, एकीला बाळंतपणानंतर गालावर वांग आलेत. म्हणजे पानावरच्या फोटोतल्या मुलीसारखी एकही नाही.

पहिल्यांदा फाउंडेशनचं सांगते कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच जातात. दोनशे-अडीचशेतली चार आणली. दुकानदार म्हणाला ताई हा नॅचरल शेड घ्या, सगळ्यांना चालतोय. ट्यूबलाइटखाली चालला पण. बाहेर रस्त्यावर येऊन बघितलं तर गळा एका रंगाचा आणि तोंड राखेसारखं. टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असलं की सावळ्या त्वचेवर असं पांढुरकं, राखाडी दिसतं. दुसऱ्या एकाचं उलट झालं, सकाळी बरोबर वाटलं आणि बारा वाजेपर्यंत एक शेड काळं पडलं, कारण चेहऱ्याचं तेल आत मिसळलं की रंग गडद दिसायला लागतो. म्हणजे शेड बघायचा तर मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावायचा, दाराबाहेर उजेडात यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. हे करायला टेस्टर पाहिजे. आम्ही फिरलो त्यातल्या बऱ्याच दुकानात स्वस्त मालाचा टेस्टरच ठेवत नाहीत, महागड्याचा ठेवतात. जिला अडीचशे रुपये जपून खर्च करायचेत तिनंच न बघता घ्यायचं, हे बरोबर नाही.

शेवटी पाचहीजणींनी रोजच्यासाठी फाउंडेशन सोडून दिलं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर गेलो त्या दिवशी तर खात्रीच पटली. एकीनं फाउंडेशन लावलेलं, तिच्या घामानं ओल्या झालेल्या थरात गुलाल असा बसला की गालावर गुलाबी डाग पडले आणि दोन दिवस निघाले नाहीत. जिनं जेलचं सनस्क्रीन आणि वरनं थोडी पावडर एवढंच लावलेलं तिचा गुलाल घरी आल्यावर खोबरेल तेलानं आणि नंतर फेसवॉशनं निघून गेला.

आता सनस्क्रीन. हे मेकअप नाही म्हणून तुमच्या पानावर एका ओळीत येतं, पण आमच्या वहीत सगळ्यात जास्त पानं ह्याचीच आहेत. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ३० असेल तर युव्हीबी म्हणजे त्वचा भाजणारी किरणं साधारण ९७ टक्के अडतात आणि ५० असेल तर ९८ टक्के. फरक एवढाच. म्हणून ५० साठी दुप्पट पैसे देण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं, आणि आपण तिथंच चुकतो, मटारच्या दाण्याएवढं लावून गप्प बसतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. ते साधारण सव्वा ग्रॅम होतं. मग ५० ग्रॅमची ट्यूब चाळीसेक वेळा पुरणार. तीनशे वीसची ट्यूब असेल तर एकदा लावायला आठ रुपये, आणि दीडशेची ट्यूब पण ती घामानं डोळ्यात जाऊन झोंबतेय म्हणून कमीच लावली तर ते पैसे वाया. स्वस्त काय ते असं दिवसावर मोजल्याशिवाय कळत नाही, नुसती छापील किंमत बघून नाही. पावडरच्या डबीवर एसपीएफ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका, तेवढी पावडर कुणीच थापत नाही. आणि ट्यूबवर पीए (PA) लिहिलेलं असतं त्यापुढं किती प्लस आहेत ते बघा, ते युव्हीए नावाच्या दुसऱ्या किरणांसाठी असतं, काळवंडणं त्याच्यानंच जास्त होतं.

वांग असलेल्या आमच्या मैत्रिणीला टिंटेड, म्हणजे रंग मिसळलेलं, सनस्क्रीन लागू पडलं. त्याच्यातला तपकिरी रंग आयर्न ऑक्साइडचा असतो आणि तो दिसणारा उजेड पण थोडा अडवतो, गव्हाळ-सावळ्या त्वचेवरचे वांग नुसत्या उजेडानं सुद्धा गडद होतात. तिला एकाच ट्यूबमध्ये उन्हाचं पण झालं आणि रंगाचं पण झालं. पण शेड दोनच मिळाले हो, एक तिच्यापेक्षा गोरा आणि एक जरा बरा.

लावायची पद्धत आम्हाला अशी जमली. घरातनं निघायच्या वीस मिनिटं आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर स्कार्फ, आणि बाकीचं सगळं दुकानात आल्यावर, घाम वाळल्यावर. नाक, कपाळ, हनुवटी एवढ्यालाच पावडर. घाम आला की रुमालानं टिपायचा, पुसला की सगळं पट्टे पट्टे होऊन निघतं. दुपारी बाहेर जायचं असेल तर परत सनस्क्रीन. स्कार्फ मात्र दर दोन दिवसांनी धुवा, आमच्यातल्या एकीला गालावर बारीक पुरळ उठायचं, ती क्रीमला दोष देत होती, स्कार्फ बदलल्यावर कमी झालं.

लिपस्टिकवर आमच्यात लई वाद झाले. शंभर-दीडशेतल्या लिक्विड मॅट चहाच्या कपाला अजिबात लागत नाहीत हे खरं, वळिवात भिजलो तरी ओठावर होत्या. पण डब्यातल्या भाजीचा तेलकट रस्सा लागला की आतल्या बाजूनं गोल निघते आणि कडेला रेघ राहते, मिसळीच्या कटापुढं तर एकही टिकली नाही. पाण्यानं न निघणारी लिपस्टिक तेलानं निघते, म्हणून तर आपण रात्री ती खोबरेलानं काढतो. मला स्वतःला साधी कांडीची मॅटच आवडली. एकदा लावायची, जुना सुती रुमाल ओठात दाबायचा, परत पातळ लावायची. निघाली तरी सगळीकडनं सारखी निघते, भकास दिसत नाही. विटकरी, मरून, तपकिरी गुलाबी हे रंग आम्हा पाचहीजणींना चालले. आणि गाडीच्या डिकीत लिपस्टिक ठेवू नका, उन्हात मेण मऊ होऊन वर घामासारखे थेंब येतात, नंतर ती नीट बसतच नाही.

काजळ पसरायचं कारण बहुतेक वेळा काजळ नसतंच, डोळ्याखाली लावलेलं क्रीम असतं. तिथं बोटानं चिमूटभर पावडर दाबली की दीडशेची पेन्सिल चार वाजेपर्यंत जागेवर राहते. काजळाच्या डबीला जीएसटी नाही, टिकली-कुंकवाला नाही, पण काजळाच्या पेन्सिलीला आणि लिपस्टिकला १८ टक्के आहे. आम्ही पेन्सिल चैनीला नाही वापरत, कामाला वापरतो. ह्यावर कधीतरी तुमच्या अर्थाच्या पानावर पण लिहा.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मार्चमध्ये मी एका ठिकाणाहून सत्तर रुपयांना कॉम्पॅक्ट, म्हणजे डबीतली दाबलेली पावडर, घेतलं. डबी चकचकीत, नाव एका मोठ्या ब्रँडशी मिळतंजुळतं, पण मागं काहीच नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. तिसऱ्या दिवशी गालाला खाज सुटली आणि पापण्या सुजल्या, डॉक्टरांचे आणि औषधाचे मिळून सातशेच्या वर गेले. सत्तरची वस्तू मला पावणेआठशेला पडली आणि चार दिवसांची रजा वेगळी. माझ्या जाऊबाईंच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग आलाय, दोन वर्षं झाली. टिकलीच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असलं तर ते त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं असं त्यांना त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता तो डाग झाकायला त्या मोठी टिकली शोधत असतात आणि मला बघवत नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमचं तर याहून वाईट. २०२३ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात असल्या क्रीम वापरणाऱ्यांना किडनीचा आजार झालेला आढळला आणि क्रीममध्ये पारा निघाला. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापलंच पाहिजे, बाहेरच्या देशातनं आलेल्या मालावर आयातीचा नोंदणी नंबर पाहिजे, रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिक वापरायला बंदी आहे. पण हे सगळं इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं. आमच्यातल्या दोघींना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी मोबाइलनं फोटो काढून, मोठा करून माझ्याकडनं वाचून घेतलं. मग आम्ही आपापल्या पर्स काउंटरवर रिकाम्या केल्या. पाचजणींच्या एकवीस वस्तू निघाल्या, त्यातल्या सहांवर लायसन नंबर नव्हता आणि चारांची तारीख होऊन गेलेली. त्या आम्ही टाकल्या. टाकताना जीव तुटला, प्रत्येकीच्या पैशाच्या होत्या.

तर साहेब, विनंती अशी. पुढच्या मार्चच्या पानावर लेबल कसं वाचायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरात छापा, चित्र काढून दाखवा की इथं नाव असतं, इथं तारीख असते, डबीचं झाकण उघडलेलं चित्र आणि त्यात 12M असं लिहिलेलं असतं म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. बिनलेबलचा माल दिसला तर अन्न आणि औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करायची तेही द्या. आणि मेकअप तपासायला माणूस पाठवणार असाल तर दुपारी एक ते तीनमध्ये पाठवा, भाजीवाल्या ताईंना, केएमटी बसच्या महिला कंडक्टरना, शिरोली एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या मुलींना विचारा की तुमच्या चेहऱ्यावर चार वाजता काय टिकतं.

दुकानदारांना पण सांगणं आहे. आम्ही पण दुकानातच काम करतो, गिऱ्हाइकाला साडी दारात उजेडात नेऊन दाखवतो, रंग बघितल्याशिवाय घ्या म्हणत नाही. तसंच एक टेस्टर आणि एक आरसा दारापाशी ठेवा, दोनशेच्या मालाला सुद्धा. लिपस्टिक हातावरच लावून बघू, आणि काजळाचा टेस्टर डोळ्याला कुणालाच लावू देऊ नका, डोळे यायची साथ असली की त्यानं पण पसरते. सावळ्या शेडचे दोन-दोन तरी नग मागवत जा, खपत नाहीत म्हणता पण ठेवलेच नाहीत तर खपणार कसे.

आमची वही दुकानात काउंटरखाली आहे. कुणाला बघायची असेल तर द्यायला आमची ना नाही, फक्त सणाचे दिवस सोडून या, तेव्हा मान वर करायला वेळ नसतो.

आपली नियमित वाचक,
कळंबा, कोल्हापूर