आमच्या 'ल'ला काठी कुणी दिली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मिरजेत ३५ वर्षे बोर्ड रंगवले. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, निवडणुकीत भिंती. मग फ्लेक्स आले आणि धंदा बसला. ते रडगाणे आता जुने झाले. त्याच गाळ्यात मुलगा फ्लेक्सचे डिझाइन करतो, घर त्यावरच चालते. तेव्हा मशीनशी माझे भांडण नाही. तक्रार आहे ती 'ल'ची.

नात पहिलीत आहे. तिच्या वहीवर मी नाव घालून दिले. बघून म्हणाली, "आजोबा, तुमचा ल चुकलाय. काठी कुठाय त्याला?" बालभारतीचे पुस्तक काढून दाखवले, त्यात माझ्यासारखाच ल. पण पोरीचे डोळे बसलेत मोबाइलमधल्या 'ल'ला. त्याला उजवीकडे उभा दंड असतो, हिंदीसारखा.

आमच्या 'ल'ला दोन पाकळ्या आणि मधोमध शिरोरेषेला टेकणारा बारका देठ. उजवी पाकळी किंचित भरदार ठेवायची, नाहीतर अक्षर मागे कलंडल्यासारखे दिसते. वस्तादांनी माझ्याकडून आठवडाभर 'लाल' हा एकच शब्द जुन्या पत्र्यावर लिहून घेतला होता. लिहायचे, रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, पुन्हा लिहायचे.

दुसरी गंमत धारवाल्याच्या फ्लेक्सची. 'चाकू-सुऱ्यांना धार लावून मिळेल' एवढाच मजकूर. त्याने तो व्हॉट्सॲपवर पाठवला, मुलाने जसाच्या तसा चिकटवला, आणि छापून आले 'सुर्यांना धार'. (सु ऱ्हस्व आहे म्हणून काय झाले, वाचणारा सूर्यच वाचतो.) हाताने लिहायचो तेव्हा गिऱ्हाइकाचा मजकूर पेंटरच्या डोक्यातून पाटीवर जायचा, चूक तिथे अडायची. आता तो कुणाच्याच डोक्यात न शिरता थेट मशीनवर जातो. धारवाल्याला फुकट बदलून देतो म्हटले, तर म्हणाला, "राहू द्या, लोक हसत हसत येतात."

मला वाटायचे, कॉम्प्युटरला मराठी वळण येतच नसणार. मुलाच्या मित्राने, तो वेबसाइटी करतो, डोळे उघडले. पानाच्या सुरुवातीला भाषेची खूण लिहावी लागते, म्हणाला. तिथे हिंदीची खूण होती, त्याने मराठीची घातली आणि माझ्यादेखत 'ल'ची काठी गळाली, पाकळ्या आल्या. 'श'चेही तसेच. म्हणजे काही फाँटमध्ये दोन्ही वळणे आधीपासून भरलेली आहेत. हे मराठी आहे, एवढे त्याला कुणी सांगत नाही, इतकेच. आणि फाँट आखणाऱ्यांत आपली माणसे कमी नाहीत. विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशींचा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या मंडळींचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट तर कुणालाही फुकट वापरता येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असा शासन निर्णयही नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. तो आमच्या लायनीत कुणाच्या हाती पडलेला मी पाहिला नाही.

आता आपल्याकडे येतो. सकाळी दारात पडणाऱ्या अंकात 'ल' आणि 'श' चोख असतात, त्याबद्दल आभार. पण तीच बातमी मोबाइलवर उघडली की मथळ्यातल्या 'ल'ला काठी. आपल्या वेबसाइटवाल्या मंडळींना एकदा विचारावे, पानाच्या सुरुवातीला भाषा कोणती लिहिली आहे. मुलाचा मित्र म्हणतो, फाँटमध्ये सोय असली तर पाच मिनिटांचे काम. दुरुस्त झाले की कळवा. नातीला दाखवायचे आहे.

आपला,
एक जुना पेंटर, मिरज