साध्या फोनवाल्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कराडला शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. दोन मशीन, एक ओव्हरलॉक. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको हे माझं काम. २०२४च्या जूनपासून मी बटणांचा साधा फोन वापरते. आमच्याकडे त्याला डबा फोन म्हणतात. परवडत नाही म्हणून तो घेतलेला नाही. ठरवून घेतला आहे आणि पुढेही तोच ठेवायचा आहे. पण हल्ली जावं तिथं "स्कॅन करा", "अ‍ॅपवर टाका", "ग्रुपवर बघा" असंच ऐकायला मिळतं, म्हणून हे पत्र.

आधी तो का घेतला ते सांगते. त्या वर्षी मे महिन्यात लग्नसराईची घाई होती. एका गिऱ्हाईकाच्या मुलीच्या साखरपुड्याचा पैठणीवरचा ब्लाऊज माझ्याकडे होता. टेबलावर ब्लाऊजपीस पसरला होता, खडूने खुणा करून झाल्या होत्या. शेजारी तेव्हाचा मोठा स्मार्टफोन. त्यावर सारखं टिंग, टिंग. कुणी गळ्याचे फोटो पाठवत होतं, कुणी "ताई, झाला का?" विचारत होतं, भाच्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पडत होत्या. डावा हात कापडावर, नजर फोनवर, असं करत मी कात्री चालवली. मागचा गळा नऊ इंच खोल होता. तो मी पुढच्या भागावर कापला.

ज्यांनी कधी कापड बेतलं आहे त्यांना हे वाचून कळेल. शिवण चुकली तर उसवता येते. कापलेलं परत जुळत नाही. पैठणीचा ब्लाऊजपीस साडीतूनच निघतो, तसाच दुसरा दुकानात मिळत नाही. रात्रभर बसून उरलेल्या तुकड्यांची पट्टी जोडली, वर लेस लावली, अस्तर नव्याने घातलं. ब्लाऊज अंगावर बसला, पण पट्टी ती पट्टीच. शिलाई घेतली नाही, कापडाचे पैसे देऊ केले. त्या बाई काही बोलल्या नाहीत. पैसेही त्यांनी घेतले नाहीत. त्यानंतर त्या माझ्या दुकानाची पायरी चढलेल्या नाहीत. वीस वर्षांच्या कामात मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. चूक माझी होती, फोनची नव्हे, हे मला माहीत आहे. पण कात्री आणि तो फोन एका टेबलावर नांदणार नाहीत, हेही मला त्या रात्री कळलं.

पुढच्याच महिन्यात साधा फोन घेतला. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "सिम कुठलं आहे?" काही कंपन्यांचं जाळं मुळातच ४जीपासून सुरू होतं, त्यांचं सिम २जीच्या फोनात चालत नाही. म्हणून ४जीवर चालणारा बटणांचा फोन घेतला. बॅटरी चार-पाच दिवस टिकते. टॉर्चला वेगळं बटण आहे. वीज गेली की मशीनखाली पडलेली सुई त्या उजेडात सापडते. टेबलावरून आठ-दहा वेळा तरी पडला असेल, कोपरा थोडा घासला आहे, बाकी काही नाही.

कामात काय बदललं? गिऱ्हाईक आता डिझाईन पाठवत नाही, घेऊन येतं. तिच्या फोनवरचा गळा मी वहीत पेन्सिलीने काढते आणि तिथंच विचारते, पाठीला किती खोल, काठ बाहीला घ्यायचा की गळ्याला, हूक पुढे की मागे. बोट लावून दाखवतात बायका, "इथपर्यंत." फोटोवरून जेवढी मापं चुकायची तेवढी आता चुकत नाहीत. दुपारी दोन तास मी सलग कापते. त्या वेळात फोन वाजला तर समोरच्याला खरंच काही बोलायचं असतं. काही गिऱ्हाइकं तुटली, हे लपवत नाही. तरुण मुलींना फोटो पाठवून घरी बसल्या ठरवायचं असतं, त्या दुसरीकडे जातात. ते मी मान्य केलं आहे.

मेसेज मी मराठीतच करते. एक गोष्ट मला हा फोन घेतल्यावर कळली. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. तीही आपण वाचतो तशी मोजत नाहीत. काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं धरतात. "ब्लाऊज" हा शब्द डोळ्यांना एवढासा, पण त्याची सहा होतात. म्हणून मी "ब्लाऊज तयार आहे. सातच्या आत या." एवढंच लिहिते. ते ३१ मध्ये बसतं आणि बायका सातच्या आत येतात.

पैशांचं काय, असं सगळे विचारतात. दुकानात बँकेने दिलेला क्यूआर कोड आहे, पैसे जमा झाले की खोका बोलून सांगतो, त्याला माझ्याकडे मोठा फोन लागत नाही. दोरे, अस्तर, हूक यांचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे तर *९९# लावते. ही सोय जनधन योजनेबरोबर २०१४ साली देशभर खुली झाली, तिला इंटरनेट लागत नाही. नोंदणीला एकदा डेबिट कार्ड लागतं, पुढे १ दाबलं की पैसे पाठवा, ३ दाबलं की शिल्लक. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. पडद्यावर आकडे टाकायला उशीर झाला तर मधेच तुटतं, मग पुन्हा पहिल्यापासून. तरी काम होतं. २०२२च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली, तेव्हा अशा फोनवाल्यांची देशात कुणालातरी आठवण आहे असं वाटलं होतं.

आठवण ठेवली तर जमतं, याचे दाखले माझ्या घरातच आहेत. गॅसचा नंबर मी मिस्ड कॉल देऊन लावते, सिलेंडर आला की एसएमएसवर आलेला कोड सांगते. महावितरणकडे नोंदवलेल्या मोबाईलवरून मिस्ड कॉल दिला तरी वीज गेल्याची तक्रार नोंदली जाते. लाडकी बहीणचा अर्ज आमच्या अंगणवाडी सेविकेने तिच्या फोनवर भरला, ओटीपी माझ्या डबा फोनवर आला. रिचार्जचंही तसंच. पहिले सहा-सात महिने मी न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरत होते, कारण नुसत्या बोलण्याचा पॅकच दुकानदाराकडे नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. आता मी वर्षाचा एकदाच भरते.

मग अडतं कुठं? अडतं ते आपल्या रोजच्या माणसांत.

माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या सगळ्या सूचना ग्रुपवर येतात. तो ग्रुप यजमानांच्या फोनवर आहे. ते एसटीत कंडक्टर आहेत. गेल्या पावसाळ्यात रात्री दहाला सुट्टीचा निरोप ग्रुपवर पडला. ते मुक्कामाच्या गाडीवर होते, त्या गावात रेंज नव्हती. सकाळी मुलगा सायकल घेऊन निघाला. नदीला पाणी चढलेलं, रस्त्यावर गुडघाभर. शाळेच्या बंद दारापर्यंत जाऊन तो भिजून परत आला. तो घरी येईपर्यंतचा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि एक एसएमएस करत जा म्हणून विनवलं. उत्तर मिळालं, "ताई, आता सगळ्यांकडे असतो स्मार्टफोन. एकट्यासाठी कसं करणार?" पण मी एकटी नाही. त्याच वर्गातल्या दोन मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, मुलं आजीजवळ असतात. त्या आज्यांकडे माझ्यासारखेच फोन आहेत.

दुसरा अनुभव दवाखान्यातला. सासूबाईंचे डोळे दाखवायला गेलो. कागदाचा नंबर देणं बंद झालेलं. भिंतीवरचा कोड स्कॅन करायचा, मग नंबर फोनवर येतो. खिडकीतल्या माणसाने वर न बघता बोट भिंतीकडे केलं. एका कॉलेजच्या मुलीने तिच्या फोनवरून आमचा नंबर लावून दिला, ४१ आला. पण पाळी आली की कळवणारा मेसेजही तिच्याच फोनवर जाणार. तिचं काम आटोपलं तरी ती बिचारी आमच्यासाठी पाऊण तास थांबली. आमच्या बाकावर पाटणकडून आलेले एक आजोबा होते. सकाळी आठपासून बसलेले. नंबर असा लावायचा असतो हे त्यांना साडेअकराला कळलं, तेही सासूबाईंनी सहज विचारलं म्हणून. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, खिशातून फोन काढून आमच्यापुढे धरला आणि विचारलं, "ह्याच्यात व्हतंय का?" माझ्याच फोनसारखा फोन होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

नात्यागोत्याचं तर सांगायलाच नको. चुलत सासरे वारले ती बातमी भावकीच्या ग्रुपवर सकाळी पडली. मला संध्याकाळी कळली. मातीला जाता आलं नाही. कुणी मुद्दाम केलं नाही, ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना कळलं असंच धरून चालतात आता. तेव्हापासून माझी धाकटी जाऊ बरंवाईट काही असलं की आवर्जून फोन करते. तिचे उपकार मोठे आहेत.

मोठा फोन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. यजमानांकडे आहे, मुलीने पुण्यात शिकताना तो वापरलाच पाहिजे. पण तो खिशात असेल तरच शाळेचा निरोप मिळेल, तरच डॉक्टर तपासतील, हे मला पटत नाही. ज्याला परवडत नाही, ज्याच्या डोळ्यांना झेपत नाही आणि माझ्यासारखं ज्याने हातातल्या कामासाठी तो बाजूला ठेवला आहे, ती सगळी माणसं याच गावात राहतात.

मागणं फार नाही. शाळांनी सुट्टी, परीक्षा, पालकसभा एवढं तरी एसएमएसने कळवावं आणि फाटकावरच्या फळ्यावर लिहावं. दवाखान्यांनी एक खिडकी कागदी नंबराची ठेवावी, नंबर मोठ्याने पुकारावा. कार्यालयांनी दारावरच्या पाटीवर चालू असलेला फोन नंबर लिहावा आणि तो उचलणारा माणूस तिथं बसवावा. नगरपालिकेने पाणी येणार नसल्याचं पूर्वीसारखं रिक्षातून पुकारलं तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना बरं होईल.

एक मागणं आपल्या वर्तमानपत्राकडेही आहे. हल्ली बातमी अर्धी छापून खाली "सविस्तर वाचण्यासाठी स्कॅन करा" असा चौकोन असतो. मी दुपारी जेवण झाल्यावर पेपर पहिल्या पानापासून वाचते आणि त्या चौकोनापाशी माझी बातमी संपते. निदान गावच्या बातम्या, रुग्णालयांच्या वेळा आणि सरकारी योजनांची कागदपत्रं तरी पूर्ण छापा, ही विनंती.

पत्रं पाठवण्यासाठी आपण फक्त ई-मेल दिला आहे, म्हणून हे हाताने लिहून आपल्या कराडच्या कार्यालयात आणून देत आहे. मागे दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला आहे, तो छापू नये. काही विचारायचं असेल तर फोन करावा. दुपारी दोन ते चार मी कापायला बसते, तेवढी वेळ सोडून केव्हाही.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
कराड, जि. सातारा