आधी माशी बसते कुठे ते बघा, मग पंप उचला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पशुपालनाच्या पानावर मागे गोठ्यातल्या माशांवर 'रामबाण उपाय' असा लेख आला होता, त्यात सगळ्या माशांना मिळून एकच स्प्रे सांगितला होता आणि शेजारी फोटो छापला होता साध्या घरमाशीचा, जी चावतच नाही! ती बिचारी गायीच्या डोळ्याचं पाणी पुसून जाते, तापदायक आहे, घाणेरडी आहे, सगळं मान्य, पण रक्तपिपासू नाही हो. लेख वाचून ओळखीतले बरेच गोठेवाले पंप पाठीला लावून कामाला लागले. गायींच्या पाठी चिंब, माणसं शिंकून बेजार आणि माशा भिंतीवर बसून मजा बघतायत. हे मी गमतीत लिहीत नाहीये, त्या खरंच भिंतीवरच असतात.

कारण गोठ्यात जी जास्त छळते ती चावरी माशी, स्टेबल फ्लाय म्हणतात तिला, दिसायला घरमाशीची सख्खी बहीण पण तोंडापुढे सरळ सुई. नर आणि मादी दोघंही रक्त पितात, एवढ्या बाबतीत घरात पूर्ण समानता. ही बसते मुख्यतः पायांवर, त्यातही पुढच्या, चार-पाच मिनिटांत पोट भरलं की उठते आणि भिंत, खांब, कुंपण जिथे निवांत वाटेल तिथे जेवण पचवत बसते. दिवसातला बहुतेक वेळ ती गायीवर नसतेच, मग पाठ धुवून काढून उपयोग काय? गायी सारख्या पाय आपटायला लागल्या, किंवा सगळ्या तोंडं आत करून घोळका करून उभ्या राहिल्या की समजा ही आलीय. त्या घोळक्यात मधली जागा मिळवायला जी ढकलाढकली चालते ती बघण्यासारखी असते, सिनियर गाय मध्ये आणि नवीन कालवड बाहेर माशांच्या तोंडी, बरोब्बर ऑफिससारखं.

धार काढणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. गाय माशीवर पाय उचलते आणि तो बादलीत पडतो, माशीवर शेपूट मारते आणि ती, बहुतेक वेळा ओली, आपल्या कानशिलात बसते. माशीला आजवर एकही फटका लागलेला मी बघितला नाही.

आता पाठीवर बसणारी वेगळी, हॉर्न फ्लाय. घरमाशीच्या निम्मी, पण शेकड्याने येते आणि पाठीवर, कुशीवर मुक्कामच ठोकते, भर उन्हात पोटाखाली सरकते. दिवसाला 20-30 वेळा रक्त पिते, म्हणजे हिचं बसल्या जागी दिवसभर चरणं सुरू. खाली उतरते ती फक्त ताज्या शेणावर अंडी घालायला आणि लगेच परत वर. हिच्यासाठी मात्र पाठीवरचं औषध कामाचं, तुमचा रामबाण लागला तर इथे लागेल. औषधाशिवायही सोय आहे, अमेरिकेत 1930 च्या दशकात एक चालत जायचा सापळा निघाला होता, गुरं त्यातून जाताना पडद्यांनी अंगावरच्या माशा झाडल्या जातात, त्या उजेडाकडे पळतात आणि जाळीत अडकतात. गुरांना रोजच्या पाण्याच्या वाटेवर लावला की गायच स्वतःचं काम स्वतः करते, पगार नाही काही नाही.

तिसरी घोडमाशी, मोठी, जिचा आवाज ऐकूनच बैल शेपूट वर करून पळत सुटतो. हिची फक्त मादी चावते आणि चावते म्हणजे कातडी कापते, मग वाहणारं रक्त चाटते. सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे गुरांना होणारा रोग, पसरवण्यात हिचा मोठा हात. हिची पिल्लं ओल्या चिखलात, पाणथळ जागी वाढतात, त्यामुळे गोठा आरशासारखा लख्ख केला तरी हिला फरक पडत नाही. पण हिला सावलीत आणि छपराखाली यायला आवडत नाही, सो दुपारी गुरं आत घेतली की निम्मं काम झालं. शिवाय गडद रंगाच्या, तापलेल्या, हलणाऱ्या वस्तूवर ही भाळते, म्हणून लोक काळा चकचकीत बॉल टांगतात, वर शंकूसारखी जाळी लावतात आणि बाईसाहेब बॉललाच गाय समजून जाळीत जातात.

याच धर्तीवर जपानमध्ये काही संशोधकांनी चक्क काळ्या गायींना झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले, 2019 साली पेपर छापला, पट्टेवाल्या गायींवर चावणाऱ्या माशा जवळपास निम्म्याच बसल्या. 2025 साली त्यांना इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. मी स्वतः रंगाचा डबा आणणार नाहीये, तो रंग टिकतो थोडेच दिवस, आणि दर आठवड्याला गायीला धरून कोण ठेवणार?

गोचीड, खरं तर कीटकच नाही, आठ पायांचा कोळ्याचा नातेवाईक. तुडुंब फुगलेली एक मादी खाली पडली की दोन-तीन हजार अंडी देते, कुठे, तर भिंतीच्या भेगेत. गायीवरच्या चार वेचून काढायच्या आणि भेगा तशाच ठेवायच्या, याला काही अर्थ आहे का सांगा.

आणि इथेच माझं खरं म्हणणं येतं. चावऱ्या माशीची अळी वाढते ओल्या, कुजत्या कचऱ्यात, म्हणजे गव्हाणीखाली सांडलेली वैरण, त्यात मिसळलेलं मूत आणि शेण, जी जागा झाडू मारताना नेहमी राहून जाते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. ती जागा आठवड्यातून एकदोनदा खरवडून कोरडी केली तर पुढची पिढीच येत नाही, उलट एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं की माशाच त्याला सरावतात आणि मग आपण डोस वाढवतो, तो दुधात उतरायची भीती वेगळीच. लेबलवर लिहिलेलं प्रमाण आणि दूध किती दिवस वापरायचं नाही ते वाचा हो, आणि कोणी जळकं ऑइल किंवा रॉकेल चोळायला सांगितलं तर आधी त्यालाच चोळा.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा गायीचं एक चित्र टाका, पायावर कोण, पाठीवर कोण, कानात आणि कासेवर कोण, बाण दाखवून, खऱ्या आकारात. आणि घरमाशीचा फोटो काढून टाका, तिने अब्रूनुकसानीचा दावा लावला तर आम्ही तिच्या बाजूने साक्ष देऊ.

आपला,
शेपटीचे फटके खाऊन सरावलेला एक वाचक