पक्या, १२-१० ची मॅच

प्रिय पक्या,

आयला किती दिवसांनी लिहितोय तुला, व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवून दाखवून लिहायची सवयच गेली. परवा तू तो मेसेज टाकलास ना, की "तुमच्या तिकडच्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचे रूल दर दोन वर्षांनी बदलतात, असला कसला गेम, आपल्या वेळी बरं होतं", त्याला तिथंच उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हणलं जाऊ दे, याला पत्रच टाकतो. चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे "आपल्या वेळी" हे तू तरी बोलूच नकोस. लांब्या आठवतो का? नववीत एकदम ताडासारखा वाढला आणि आपली ती डावीकडची रिंग, पोरं लटकून लटकून खाली वाकलेली, तिच्यापुढे हा नुसता हात वर करून उभा राहायचा, कुणाचा बॉल आत जाईल तर शपथ. मग तूच ठरवलंस, लांब्याने की मध्ये, म्हणजे रिंगखाली आखलेल्या पट्ट्यात, पाय टाकला की फाऊल. लांब्या बिचारा काही बोलला नाही, अख्खी दिवाळीची सुट्टी सकाळी सकाळी एकटा येऊन लांबून मारत बसला, आणि सुट्टी संपल्यावर आपल्याला असं काही धुतलं की तूच म्हणालास, ये बाबा आत ये. तो रूल एक महिनासुद्धा टिकला नाही रे.

तर इथं पण सव्वाशे वर्षं हेच चाललंय, फक्त कमिटी बसवून. कोणीतरी जास्तच उंच निघतो नाहीतर कुणा कोचचं डोकं जास्तच चालतं, मग बाकीचे बोंबलतात, मग रूल येतो. हा गेम काढणाऱ्या नेस्मिथने १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जे १३ नियम लिहिले त्यात ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढं जाणं, पण नव्हता, बॉल हातात आला की पळायचंच नाही, उभं राहून पास द्यायचा, एवढंच. ड्रिबल पोरांनी नंतर काढला, आणि १९२७ मध्ये कमिटीने तो एका टप्प्यावर आणायचा घाट घातला होता, पण कोच लोकांनी एवढा दंगा केला की गुंडाळावं लागलं. आणि रिंगकडे खाली येणारा बॉल वरच्या वर ढकलायचा नाही हा रूल १९४४ चा, तेव्हा बॉब कर्लंड नावाचा सात फुटी पोरगा लांब्यासारखाच रिंगपुढे हात वर करून उभा राहायचा.

मी कुठं राहतो ते तुला माहितेय, पण तुझ्या डोक्यात नकाशा नसेल. राली, डरहम, चॅपल हिल ही तीन गावं म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड समज, जरा लांब लांब पसरलेली. प्रत्येकात एक युनिव्हर्सिटी, एनसी स्टेट, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना, आणि तिघांचं एकमेकांशी हाडवैर. माझ्या शेजारी एक म्हातारेबुवा राहतात, सत्तरी ओलांडलेले, स्टेटचे. लाल टोपी घालूनच झोपतात बहुतेक. थंडीत मॅच असली की मी त्यांच्याकडे जातो, ते शेंगदाणे उकडून ठेवतात, हो रे, इथं दक्षिणेत आपल्यासारख्या उकडलेल्या शेंगा खातात, फक्त मीठ मूठभर जास्त. तर रूलचा जो काही इतिहास मला येतो तो निम्मा त्या शेंगांबरोबर आलाय.

त्यांनीच मला १२-१० ची मॅच सांगितली. १९६८, कॉन्फरन्सची, म्हणजे इकडच्या कॉलेजांच्या लीगची, सेमीफायनल, स्टेट विरुद्ध ड्यूक. ड्यूकचा उंच गडी रिंगखालून बाहेर यायला तयार नाही, मग स्टेटच्या कोचने सांगितलं, ठीक आहे, आपण पण आत जायचं नाही, बॉल घेऊन उभे राहा. आणि राहिले की खरंच! हाफटाइमला स्कोअर ४-२. क्रिकेटमध्ये कोण ब्लॉक करत बसला तर निदान बॉल तरी पडतो रे, इथं एक माणूस मिनिटं मिनिटं बॉल घेऊन उभा आणि हजारो लोक तिकीट काढून ते बघतायत. शेवटी स्टेट १२-१० ने जिंकलं. म्हातारेबुवांना अजून त्याचा अभिमान आहे, मी म्हणलं अहो लाज वाटायला पाहिजे, तर म्हणाले, कशाची लाज, रूलमध्ये बसत होतं ना?

त्यांचं बरोबरच आहे. शॉट क्लॉकच नव्हता, म्हणजे इतक्या सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे असं सांगणारं घड्याळ. आपल्याकडे कागदावर तरी ३० सेकंद होते, घड्याळ कुणाकडे होतं ते सोड. इथं १९७९ ला नॉर्थ कॅरोलिनाचा कोच डीन स्मिथ, म्हणजे देवमाणूस मानतात त्याला, ड्यूकच्या घरच्या कोर्टवर जाऊन पहिला हाफ बॉल धरून बसला आणि हाफटाइमला स्कोअर ७-०, ड्यूकचे सात आणि यांचे शून्य! मध्ये एकाने शॉट मारला तो रिंगलाच लागला नाही आणि ड्यूकच्या पोरांनी "एअर बॉल, एअर बॉल" करून डोकं उठवलं, ती आरोळी तिथूनच सुरू झाली असं इथले लोक सांगतात. सेकंड हाफ बरोबर ४०-४० सुटला, म्हणजे नीट खेळले असते तर मॅच होती.

मग १९८२ ची कॉन्फरन्सची फायनल, व्हर्जिनियाकडे सात फूट चार इंचाचा राल्फ सॅम्पसन आणि नॉर्थ कॅरोलिनाकडे फर्स्ट इयरचा मायकल जॉर्डन, अख्खा देश टीव्हीसमोर, आणि स्मिथसाहेबांनी सेकंड हाफमध्ये परत तेच, धरा बॉल. ४७-४५ ने जिंकले पण टीव्हीवाल्यांचं काय झालं असेल विचार कर, जॉर्डन कोर्टवर आहे आणि तो उभाय. मला वाटतं गेम ७-० ने नाही बदलला, टीव्हीवर दिसल्याने बदलला. पुढच्या सीझनला या कॉन्फरन्सने ३० सेकंदांचं घड्याळ ट्राय केलं, आणि १९८५-८६ पासून सगळ्या देशात ४५ सेकंद लागू. मग ३५, मग २०१५ पासून ३०. आणि गंमत बघ, पोरींच्या गेममध्ये ३० सेकंदांचं घड्याळ १९७० च्या आसपासच आलेलं. म्हणजे पोरांच्या कमिटीला जे कळायला पंधरा वर्षं लागली ते पलीकडच्या कोर्टवर रोज चालू होतं, कोणी मान वळवून बघितलं नाही.

आता डंकचं ऐक, कारण मला खरा राग त्याचा आहे. १९६७ मध्ये कमिटीने डंकच, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं, बंद करून टाकला. कारण दिलं की पोरांना लागतं, बोर्ड रिंगा मोडतात. पण त्याच वर्षी यूसीएलएचा ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, पहिल्याच सीझनला टीमला चॅम्पियन करून बसला होता, त्यामुळे कोणासाठी रूल आहे हे शेंबड्या पोराला पण कळत होतं. तो स्वतः तेव्हा म्हणाला होता की यात मला भेदभावाचा वास येतोय, कारण डंक मारणारे बहुतेक काळेच आहेत. आणि झालं काय, तर त्याने तो हुक शॉट घासला, जो पुढं वीस वर्षं कुणाला अडवता आला नाही, आणि उरलेली दोन्ही वर्षं टायटल परत त्याचंच. लांब्याच की रे! फक्त इथं रूल मागे घ्यायला महिना नाही, नऊ वर्षं लागली, १९७६ पर्यंत.

त्या नऊ वर्षांत म्हातारेबुवांचा देव खेळला, डेव्हिड थॉम्पसन. सहा फूट चारचा, पण उडायचा असा की बास. डंक बंद, मग टीमवाले बॉल रिंगच्या वर फेकायचे, हा हवेतच झेलून अलगद आत सोडायचा, ढकलायचा नाही, नाहीतर टेक्निकल फाऊल. १९७४ ला टायटल आणलं त्याने. १९७५ ला घरच्या कोर्टवरची त्याची शेवटची मॅच, म्हातारेबुवा स्टुडंट सेक्शनमध्ये उभे. थॉम्पसनला एकट्याला मोकळी वाट मिळाली, तो गेला आणि सरळ नियम, रेफ्री, कमिटी सगळ्यांच्या नावाने डंक हाणला. टेक्निकल मिळाला. हे सांगताना म्हातारेबुवा दर वेळी खुर्चीतून उठतात, शेंगांची टरफलं मांडीवरून खाली पडतात, आणि म्हणतात, रेफ्रीने हात वर केला तेव्हा त्याला पण वाईट वाटत होतं. आता हे खरं का त्यांचं भर घातलेलं, मी कधी विचारलं नाही.

थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून मारला तर तीन पॉइंट, १९८६-८७ ला आला, रेघ १९ फूट ९ इंचांवर, मग दोनदा मागे सरकला, आता २२ फूट आणि वर पावणेदोन इंच. त्यात सांगण्यासारखं एवढंच की इंडियानाचा कोच बॉबी नाइट त्या रेघेला नावं ठेवायचा आणि पहिल्याच वर्षी त्याच्याच टीममधल्या एका पोराने फायनलमध्ये सात थ्री मारून त्याला टायटल दिलं.

रेकॉर्डचं भांडण मात्र तुला आवडेल. पीट मॅराविच, एलएसयूचा, तीन सीझनमध्ये ३,६६७ पॉइंट, कारण तेव्हा फर्स्ट इयरच्या पोरांना मेन टीममध्ये घेतच नव्हते, आणि थ्रीची रेघ पण नव्हती. २०२४ ला आयोवाच्या केटलिन क्लार्कने तो आकडा ओलांडला, चार सीझन, आणि निम्मे शॉट पार्किंगमधून. आमच्या घरात यावरून मोठी खडाजंगी, मी म्हणलं रूल वेगळे, तुलनाच चुकीची, तर माझी लेक म्हणते, बाबा, मुलींना आधी अर्ध्या कोर्टच्या पुढे पळू पण देत नव्हते, त्याचं काय लावायचं तुलनेत? गप्प बसलो. खरंच आहे, सहा सहा जणींचा गेम, निम्म्या फक्त अडवणार, निम्म्या फक्त मारणार, पाच जणींचा पूर्ण कोर्टचा गेम कॉलेजात १९७१ ला आला. पोरींची मॅच २०१५ पासून दहा दहाच्या चार क्वार्टरची आहे, पोरं अजून वीस वीसचे दोन हाफ धरून बसलेत.

आणि तुझा मुद्दा, की आता सगळं पैशावर आलंय. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे घेता येतात, टीम बदलायची पण बंधनं बरीच सैल झालीत, आणि २०२५ पासून तर कॉलेज स्वतःच पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हातारेबुवा यावर चिडतात, दर वर्षी नवीन पोरं, नावं पाठ होईपर्यंत गेली पण. मी म्हणलं थॉम्पसनला तेव्हा कोणी पैसे दिले असते तर घेऊ द्यायचे नाहीत का तुम्ही? बराच वेळ शेंगा सोलत बसले. मग म्हणाले, त्याला द्यायलाच पाहिजे होते.

बरं, एक काम कर. आपल्या वेळची की वरून अरुंद खाली रुंद होती, सुपासारखी, आठवतंय? ती २०१० ला आंतरराष्ट्रीय रूलमध्ये सरळ चौकोनी झाली, त्यामुळे आपण खेळलो तसली की आता कुठंच नसणार. तू म्हणालास शाळेच्या कोर्टला नवीन रंग मारलाय. ग्राउंडवरून जाशील तेव्हा डावीकडच्या रिंगखाली जरा वाकून बघ, नव्या रंगाखालून ती तिरकी रेघ दिसते का. दिसली तर फोटो पाठव, आणि लांब्याचा नंबर असेल तर तो पण.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
बंड्या