एक किलोचा कडता

प्रिय मित्रा,
जय ख्रिस्त.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. आमच्या चर्चची मंडळी कशी चालली आहे, असं तू विचारलंस. त्याच रात्री उत्तराला बसलो आणि पहिली ओळ हातातून आपोआप उतरली, 'प्रभूच्या कृपेनं सर्व क्षेम आहे.' मग ते पान फाडलं. हे वाक्य मी तुला गेली कित्येक वर्षं लिहीत आलोय, आणि लिहिताना एकदाही थांबून विचार केला नाही. आज खरं काय ते लिहितो. तू बोर्डिंगातला माझा सोबती, तुझ्यापासून लपवून कुठं जाऊ?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कापसाची वेचणी सुरू होती. संध्याकाळी बांधावरच्या बाभळीला ताणकाटा टांगला. बाया एकेक करून गाठोडी लावत होत्या, मी वहीत वजन लिहीत होतो. आमच्याकडं बारा वर्षांपासून वेचायला येणारी एक म्हातारी आहे. त्या दिवशी तिची नात सोबत होती, पाचवीतली. पोरीनं काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला, "साडेअठरा!" मी वहीत साडेसतरा लिहिलं. पोर माझ्या खांद्याजवळून वाकून वहीत बघत होती, ते माझ्या ध्यानात नव्हतं. ती म्हणाली, "आजी, काकांनं साडेसतरा लिवलं."

म्हातारीनं तिला गप्प केलं. "चूप राय पोरी. देवाधर्माचा मानूस हाय थो. बरोबरच लिवलं असन."

मित्रा, त्या वाक्यानं मला रात्रभर झोपू दिलं नाही.

दर गाठोड्यामागे एक किलो मी कापायचो. कारणं तयार होतीच. सकाळचा कापूस दवानं ओला असतो, फडक्याचं वजन असतं, पत्तीकचरा येतो. आणि व्यापारी माझ्याकडून कडता, म्हणजे वजनातली घट, कापतोच की, मग तो मी कुठून भरून काढू? ही कारणं मी कुणाला सांगत नव्हतो, कारण कुणी विचारतच नव्हतं. स्वतःलाच सांगत होतो, आणि इतक्या वेळा सांगितली की शेवटी सांगावीही लागेनात. हात आपोआप एक किलो कमी लिहायचा.

दुसऱ्या दिवशी जुन्या वह्या काढल्या. सात बाया, रोजचा एक-एक किलो, हंगामाचे साधारण चाळीस दिवस. 280 किलो. यंदाच्या दहा रुपये दरानं 2,800 रुपये. मागची वर्षं त्या त्या दरानं धरली तर आकडा 19,000 च्या वर गेला. तुला माहीत आहे, मी मंडळीचा खजिनदार आहे. मंडळीच्या हिशेबात आजवर एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता. दशांशाचं, म्हणजे कमाईच्या दहाव्या भागाचं, पाकीट मी कधी चुकवलं नाही. परूशांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना, येशू म्हणाला होता, पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश देता, पण न्याय आणि दया सोडून देता. हे वचन मी संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतलंय. त्यातला परूशी कोण, असं एकाही मुलानं विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बुधवारची प्रार्थना सभा आमच्या घरी होती. मला प्रार्थना करायला सांगितली. शब्द नेहमीसारखे भराभर आले, "प्रभू, आम्ही अपराधी आहोत, आम्ही तुझ्या वाटेवरून भटकलो आहोत." सगळे 'आमेन' म्हणत होते. आणि मी मध्येच अडकलो. त्या 'आम्ही'त मी किती वर्षं आरामात बसलो होतो! आम्ही पापी आहोत म्हणायला काही लागत नाही, सगळी मंडळी सोबत असते. मी त्या म्हातारीचा एक किलो कापतो, असं म्हणायला तोंड उघडेना. कशीबशी प्रार्थना संपवली. रात्री तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. वाटलं, सगळेच कापतात." मला तेव्हा बायबलातल्या दावीद राजाची आठवण झाली. नाथान संदेष्ट्यानं त्याला श्रीमंतानं हिरावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा तो कसा भडकला होता! 'तो मनुष्य तूच आहेस,' हे ऐकेपर्यंत गोष्ट दुसऱ्याचीच होती. माझा नाथान पाचवीतली पोर निघाली.

आता मंडळीचं. आमच्यातले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. आमचे पणजोबा छपन्नच्या, म्हणजे संवत 1956 च्या (इ.स. 1899-1900), दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आले, ही गोष्ट मी दर नाताळाला सांगतो. यवतमाळात 1953 पासून सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होतं, ते 1983 साली पुण्याला गेलं, याची हळहळ म्हातारे अजून करतात. हळहळ खरी आहे. पण आजोबाचा विश्वास म्हणजे वारसाचा फेरफार नव्हे की तलाठ्याकडं अर्ज केला आणि सातबाऱ्यावर आपलं नाव चढलं. अब्राहाम आमचा बाप आहे असं मनात आणू नका, हे बाप्तिस्मा करणारा योहान नदीकाठी सांगून गेलाय. पंडिता रमाबाईंचंच बघ. 1883 साली बाप्तिस्मा झाला, आणि पुढं त्यांनी स्वतः लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं. एवढ्या विदुषीला हे म्हणायला लाज वाटली नाही. आम्हाला मात्र चाळीस वर्षांतही तसं काही वाटलेलं नाही, याची मला आता भीती वाटते.

मी हल्ली प्रकटीकरणातलं लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र पुन्हा पुन्हा वाचतो. ते गाव लोकरीच्या कापडाचं, काळ्या लोकरीसाठी नाव असलेलं. म्हणजे आपल्यासारखंच धाग्यावर जगणारं म्हण ना. इ.स. 60 मध्ये भूकंपानं पडलं, तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं उभं राहिलं. समोर हिरापोलिसला गरम पाण्याचे झरे, आणि यांच्याकडं पाणी लांबून दगडी नळांतून यायचं. असल्या स्वावलंबी, खाऊनपिऊन सुखी मंडळीला प्रभू कोमट म्हणतो. 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही' असं ती म्हणत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच वाटत होतं. 'हे तुला कळत नाही,' या चार शब्दांवर माझं बोट थांबतं. पुढं शुभ्र वस्त्रं घे, डोळ्यांत अंजन घाल, असं म्हटलंय. मी आयुष्यभर पांढरा कापूस पिकवला, आणि मला वाटत होतं तीच माझी वस्त्रं.

पैसे परत द्यायला लागलो. येशूला भेटल्यावर जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं होतं, माझ्याकडून तेवढं झालं नाही. जेवढे कापले तेवढेच देतोय. हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच विसरेन. पाच घरी दिले. एक बाई वारली, तिच्या मुलाच्या हातात ठेवले. एक आदिलाबादकडं कामाला गेली, तिचा पत्ता विचारतोय. देताना मनात दोनदा आलं की पाळकांच्या कानावर हे गेलं तर बरं. म्हणून त्यांना अजून काही बोललो नाही.

म्हातारीकडं शेवटी गेलो. ओसरीत बसून सगळं सांगितलं, वही दाखवली. तिनं नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग आता वेचाले येऊ नोको का भाऊ? हिसाब केला तुमी."

तिला वाटलं, मी तिला कामावरून काढतोय. मला बोलायला अर्धं मिनिट लागलं. उद्या ये म्हणालो, आणि नातीलाही घेऊन ये, वहीत तीच लिहील.

नाताळाला तू येशील तेव्हा शेवटची वेचणी चालू असेल. संध्याकाळी आधी शेतावर ये, मग चर्चला जाऊ.

तुझाच,
तुझा जुना सोबती