भेगा वर, दुखणे मातीत

महोदय,

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने केलेल्या अणुचाचण्यांविषयी काहीही छापून आले की तिथल्या एनेवेटाक या प्रवाळद्वीपाच्या रुनिट बेटावरील काँक्रीटचा घुमट आणि त्याच्या भेगा हमखास येतात. भेगा आहेतच, पण अडचण तळाशी आहे. १९५८ च्या ‘कॅक्टस’ चाचणीने पडलेल्या खड्ड्यात १९७७ ते १९८० या काळात दूषित माती सिमेंटमध्ये कालवून भरली आणि वर सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचे झाकण घातले. तळाला अस्तर नाही. प्रवाळाचा खडक सच्छिद्र, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर आतले पाणीही हलते. शिवाय भोवतालच्या खाजणातल्या गाळात घुमटापेक्षा जास्त प्लुटोनियम पडून आहे. भेगा लिंपून फारसे काही साधणार नाही.

चाचण्या झालेले दुसरे प्रवाळद्वीप बिकिनी. त्याचे दुखणे वेगळे, आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. तिथे मुख्य धोका सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचा, तोही अन्नातून. प्रवाळाच्या मातीत कॅल्शियम मुबलक असल्याने झाडे कॅल्शियमसारखेच वागणारे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० कमी उचलतात. पोटॅशियमचा मात्र दुष्काळ, म्हणून त्याच्यासारखेच वागणारे सीझियम मुळे ओढून घेतात आणि ते नारळात, केतकीच्या फळात उतरते. चाचण्यांआधी हलवलेल्या आणि सत्तरच्या दशकात परतलेल्या कुटुंबांच्या शरीरात ते इतके साठले, की १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावे लागले.

उपाय दोन. वरची माती खरवडली तर सीझियम जाते, पण कुजलेल्या पाल्याचा सुपीक थरही जातो. उरलेल्या प्रवाळाच्या चुऱ्यात झाड कसे धरणार? दुसरा उपाय साध्या खताचा: पोटॅशियम क्लोराइड भरपूर टाकले की नारळातले सीझियम दहाव्या हिश्श्याच्याही खाली येते. सीझियम मातीतच राहते, म्हणून खताचा जोर ओसरण्याआधी पुन्हा मात्रा द्यावी लागते आणि नारळ अधूनमधून तपासावे लागतात. आमच्या मते घरांभोवती खरवडणे आणि बागांना खत, हीच वाटणी शहाणपणाची.

पण त्यासाठी पैसा हवा. चाचण्यांच्या नुकसानभरपाईचे दावे ठरवणाऱ्या अणुदावे न्यायाधिकरणाने २००१ मध्ये बिकिनीवासीयांना ५६ कोटी ३३ लाख डॉलर मंजूर केले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी १५ लाख जमीन सुधारण्यासाठी होते. अमेरिकेने दिलेला मूळ निधी मात्र सगळ्या मार्शल बेटांसाठी मिळून १५ कोटींचा. तो संपला, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिकिनीवासीयांचे भरपाईचे प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

— विज्ञान शिकवणारे काही वाचक