काळ्या घोड्याच्या पुलावरची दोन मिनिटं

संपादक साहेब, नमस्कार.

खड्डे, पाणी, गटारं असलं काही या पत्रात नाहीये, तरी छापलंत तर बरं वाटेल.

मी राहते बडोद्यात, दांडिया बाजारात, आणि नोकरी अलकापुरीत. सकाळी डबे, मुलाची बॅग, सासूबाईंच्या गोळ्या सगळं उरकून साडेनऊला अॅक्टिव्हा काढायची, कोठीवरून काळा घोडा, पुढे स्टेशनपाशी रेल्वेखालचा गरनाळा, आणि डोक्यात एकच, आज उशीर होतोय का. 11 वर्षं हाच रस्ता.

गेल्या मंगळवारी पुलावर ट्राफिक ठप्प होता. एक भाजीवाल्या बेन कठड्याला टोपली टेकवून खाली बघत उभ्या होत्या, मला म्हणाल्या, "जुओ बेन, तडको खाय छे." खाली विश्वामित्री नदीच्या काठावर चांगली लांबलचक मगर ऊन खात पडलेली, तोंड उघडं, जराही हालचाल नाही. मगरीला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही ना, म्हणून थंडीत सकाळी अशा बाहेर येऊन पडतात, हे शाळेत शिकले होते मी, पण समोर बघताना एकदम वाटलं की हिला आत्ता या उन्हाशिवाय दुसरं काही नकोय. दोन मिनिटं असतील फार तर. मग मागून हॉर्न सुरू झाले आणि निघावं लागलं, पण दिवसभर ती डोळ्यासमोरून जाईना.

ऑगस्ट 2024 च्या पुरात आपण याच मगरींना किती घाबरलो होतो! समा भागात नणंदेकडे कमरेएवढं पाणी, लाइट नाही, आणि मोबाइलवर सोसायटीत मगर शिरल्याचे व्हिडिओ, वनखात्याने तेव्हा तीन दिवसांत 24 मगरी पकडल्या. ती भीती खरीच होती. पण त्याआधी आणि त्यानंतर मी रोज त्यांच्या डोक्यावरून जातेय आणि एकदाही खाली बघितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

रात्री जेवताना मुलाला सांगितलं तर तो म्हणाला मम्मी आम्ही रोज मोजतो, आत्तापर्यंतचा रेकॉर्ड पाच आहे. शाळेच्या व्हॅनमधल्या सगळ्या पोरांचा स्कोअर चालू असतो म्हणे! कोणती मगर कुठे पडते, कोणत्या बाजूच्या सीटवरून दिसते, सगळं त्याला पाठ. माझ्याच घरात हे चाललंय आणि मला पत्ता नाही. आता तो परत आला की रोज विचारते, आज किती, आणि मग तो व्हॅनमधलं बाकीचंही बरंच सांगत बसतो, मी पोळ्या लाटत ऐकते.

तर विनंती अशी की पेपरात रोज एक छोटा चौकोन ठेवा, दोन-तीन ओळींचा, वाचकांनी त्या दिवशी जाता-येता काय बघितलं तेवढंच लिहायचं. मांडवीत, खंडेराव मार्केटात, कमाटीबागेत, कुठेही. फोटो नको, फोटो काढायला लागलो की बघायचं राहतं. माझं आजचं देते.

काळा घोडा, सकाळी 9.42. मगर नव्हती. ती पडायची तिथे चिखलात तिच्या अंगाचा ठसा होता, आणि त्यात एक बगळा उभा होता.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा